मर्गट्रॉइड : एका दुर्मिळ इंग्रजी आडनावाचं मूळ आणि त्याचा नकाशा

नकाशेवाला

काही इंग्रजी आडनावं अशी की ऐकल्याबरोबर खोरं सांगता येतं. मर्गट्रॉइड त्यातलं. १८८१च्या जनगणनेवरून नकाशा काढला तर सगळा रंग यॉर्कशायरच्या वेस्ट रायडिंगमध्ये, म्हणजे पश्चिम भागात, साचतो : हॅलिफॅक्स, ब्रॅडफर्ड आणि कीथली (स्पेलिंगवर जाऊ नका, उच्चार हाच). केंट, डेव्हन, नॉरफक जवळपास कोरे.

माझं मत : हे आडनाव एकाच जागेवरून निघालं. हॅलिफॅक्सच्या पश्चिमेला, कॅल्डर नदीच्या उत्तर अंगाला वॉर्ली नावाची टाउनशिप (पॅरिशचा, म्हणजे चर्चच्या हद्दीचा, एक भाग) आहे, तिथून. '-रॉइड' म्हणजे झाडं तोडून मोकळी केलेली जमीन. अ‍ॅक्रॉइड, होलरॉइड, बूथरॉइड, ओल्डरॉइड, लीरॉइड अशी सगळी भावंडं त्याच डोंगरात सापडतात.

पण रंग एका जागी दाट दिसला म्हणजे मूळ एकच, एवढ्यावर हे सिद्ध होतं का? आणि दुर्मिळ आडनावाचा नकाशा काढायचाच तर नीट कसा काढायचा? जाणकारांनी लिहावं.

तिरकस

म्हणजे मर्गट्रॉइडकर म्हणा की. कर लावा, गाव काढा, धागा बंद.

वंशावळकार

@तिरकस, 'कर' असतं तर गाव अजून नकाशावर असण्याची शक्यता तरी होती. इथे मूळ जागा म्हणजे गावसुद्धा नाही, एका टाउनशिपमधला जमिनीचा तुकडा आणि त्यावरचं घर. जुन्या कागदांत वॉर्लीतल्या हॉलिन्स या घराला मर्गट्रॉइड असंही म्हटलेलं आहे. आजच्या नकाशात शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही.

आता पद्धत. सुरुवात १८८१पासून करतात याचं कारण सोयीचं आहे : ३ एप्रिल १८८१ची ती जनगणना पूर्ण उतरवून काढलेली आणि सहज शोधता येणारी आहे. आधी आडनावाची सगळी रूपं गोळा करा, मग प्रत्येक नोंद कौंटीवर न टाकता पुअर लॉ युनियनवर (गरिबांच्या मदतीसाठी एकत्र केलेल्या पॅरिशांच्या गटावर) टाका. वेस्ट रायडिंग एवढं मोठं आहे की कौंटीच्या नकाशात हॅलिफॅक्स आणि शेफील्ड एकाच रंगात बुडतात.

नुसती माणसं मोजली तर लीड्स-ब्रॅडफर्डसारखी शहरं नेहमी जिंकतात, म्हणून दहा लाख लोकसंख्येमागे किती हे काढतात. आणि इथेच बहुतेकांचा पाय घसरतो. समजा एका लहान युनियनची वस्ती ८,००० आणि तिथे ६ मर्गट्रॉइड. प्रमाण आलं ७५०. शेजारच्या युनियनची वस्ती १,५०,००० आणि तिथे ६०. प्रमाण ४००. नकाशात लहान युनियन जास्त गडद दिसणार, आणि तिथे असणार कोण, तर एक नवरा-बायको आणि चार पोरं. दुर्मिळ आडनावाला माणसं मोजूच नयेत, कुटुंबं मोजावीत. पाचपेक्षा कमी कुटुंबं असतील तिथे प्रमाण न काढता नुसता ठिपका द्यावा.

खोडरबर

+१. सीमांचंही बघा. टॉडमॉर्डन नोंदणी जिल्हा यॉर्कशायर आणि लँकशायर दोन्हींत पसरलेला होता. तिथली नोंद 'लँकशायर' म्हणून धरली की आडनावाने पेनाइन्स डोंगर ओलांडला असं वाटतं, प्रत्यक्षात ते शेजारच्या दरीतही गेलेलं नसतं. १९७४ला पुन्हा सीमा हलल्या : सॅडलवर्थ ओल्डमला गेलं, बार्नॉल्ड्सविक लँकशायरला. जुन्या आकड्यांवर आजचा जिल्ह्यांचा नकाशा पसरणाऱ्यांनी आधी एवढं तपासावं.

नकाशेवाला

कुटुंबांचा मुद्दा पटला. पण १८८१ला गिरण्या लागून शंभर वर्षं होत आली होती. माणसं गिरण्यांमागे गेली असणार. तो नकाशा मूळ गावाचा की धुराड्यांचा?

वंशावळकार

धुराड्यांचाच, जर राहण्याचं ठिकाण मांडलंत तर. म्हणून जन्मस्थळाचा रकाना मांडा, आणि तोही फक्त साठीच्या पुढच्यांचा. ती माणसं १८२१च्या आधी जन्मलेली. एवढ्या एका चाळणीने नकाशा दोन पिढ्या मागे जातो.

यात खाच अशी की हॅलिफॅक्स हा इंग्लंडमधल्या अतिशय मोठ्या पॅरिशांपैकी एक, आत वीसच्या वर टाउनशिप. वॉर्लीत जन्मलेला माणूसही गणकाला 'हॅलिफॅक्स' सांगून मोकळा होतो. अशा वेळी त्याच माणसाच्या १८५१, १८६१, १८७१च्या नोंदी काढा. एकात नाही तर दुसऱ्यात टाउनशिपचं नाव येतं. १८४१ याला निरुपयोगी : तिथे फक्त 'याच कौंटीत जन्म, हो की नाही' एवढंच विचारलंय, आणि मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढलेली आहेत.

अनुराधा_लीड्स

'-रॉइड' भूगोल का सांगतो त्यावर थोडं. मूळ जुना इंग्रजी शब्द 'रॉड', अर्थ जंगल साफ करून काढलेली जमीन. वेस्ट रायडिंगच्या बोलीत अशा 'ओ'चा 'ऑइ' होतो. तिथे कोळशाला 'कॉइल' म्हणतात आणि 'होल'चा 'ऑइल' होतो, तसंच हे. डोंगरापलीकडे लँकशायरमध्ये तोच शब्द '-रॉड' राहिला, उदाहरणार्थ बर्नलीजवळचं ऑर्मरॉड. त्यामुळे आडनावाच्या शेवटावरूनच निम्मा नकाशा तयार होतो. '-रॉइड' असलेलं कुटुंब १५००च्या सुमाराला नॉरफकमध्ये दिसलं तर ते स्थलांतरित किंवा वाचन चुकलेलं.

पुढच्या अर्ध्या भागावर वाद आहे. लोकप्रिय अर्थ 'मूर-गेट-रॉइड', म्हणजे माळाकडे जाणाऱ्या वाटेवरची साफ केलेली जमीन. इथे गेट म्हणजे दरवाजा नसून नॉर्स 'गाटा', रस्ता. दुसरा अर्थ 'मार्गारेटची जमीन'. मला दुसरा जास्त पटतो, कारण १३७९च्या डोईपट्टीतलं (माणशी कराच्या यादीतलं) जे रूप सगळे उद्धृत करतात ते 'मर्जेट्रोड' धाटणीचं आहे, सुरुवात एम-ई-आर. 'मूर'चा 'मेर' होणं कठीण, पण मार्गारेटच्या लाडक्या रूपांत 'मेर्ग-' सहज बसतं.

नाटकवेडा

अवांतर : १८८७मध्ये गिल्बर्ट आणि सलिव्हन यांनी 'रडिगोर' या संगीतिकेत मर्गट्रॉइड नावाचं शापित सरदार घराणं रंगवलं. ते राहतं कुठे, तर कॉर्नवॉलमधल्या एका काल्पनिक कोळीवाड्यात! कॉर्नवॉल म्हणजे इंग्लंडचं दुसरं टोक. तिकडची आडनावं 'ट्रे', 'पोल', 'पेन'वाली.

तिरकस

भुतं आहेत ती. भुतांना पुअर लॉ युनियन नसते.

दप्तरी

कागदांकडे या आता. १३७९चा डोईपट्टीचा दस्त वेस्ट रायडिंगसाठी चांगला टिकला आहे, हे त्या भागाचं भाग्य. १३७७, १३७९ आणि १३८१ अशा तीन डोईपट्ट्या झाल्या. १३७७ला चौदा वर्षांवरच्या प्रत्येकाला सरसकट चार पेन्स. १३७९ला सोळा वर्षांवरच्यांना ऐपतीप्रमाणे, पण तळाचा दर चार पेन्सच, आणि नवरा-बायको मिळून एकदाच. १३८१ला माणशी एक शिलिंग, आणि त्यातून उठाव पेटला. १३८१च्या याद्यांत माणसं गायब झालेली दिसतात, कर चुकवलेला. म्हणून आडनाव 'तिथे नव्हतं' असं १३८१वरून कधीही म्हणू नये.

१३७९ची यादी गाववार आहे आणि लॅटिनमध्ये. 'योहानेस अमुक एत उक्सोर एयुस', म्हणजे जॉन अमुक आणि त्याची बायको, पुढे आकडा. नावाआधी 'डे' आहे का ते बघा. 'डे' असेल तर ते अजून ठिकाण सांगतंय, वंशपरंपरागत आडनाव झालेलं असेलच असं नाही. त्याच शतकात बाप 'डे मर्गट्रॉइड' आणि मुलगा दुसऱ्याच जमिनीच्या नावाने लिहिला जाणं अगदी शक्य आहे.

इंटरनेटवर सगळीकडे फिरणारं '१३७१ला वॉर्लीचा कॉन्स्टेबल जॉन मर्गट्रॉइड' हे वाक्य मी तरी अंतिम पुरावा मानत नाही. असं वाक्य दिसलं की कोणत्या दस्तात, कोणत्या पानावर, हे विचारावं. सोवर्बी-वॉर्ली हा भाग वेकफील्ड मॅनरच्या (जमीनदारीच्या) अंमलाखाली होता आणि त्या मॅनरच्या न्यायदप्तरांच्या गुंडाळ्या १२७४पासून १९२५पर्यंतच्या आहेत, सध्या लीड्स विद्यापीठाच्या संग्रहात. बऱ्याच वर्षांची छापील भाषांतरं मिळतात. जमीन हस्तांतर, दंड, चराईचे तंटे : एखादं आडनाव जमिनीच्या तुकड्यावरून माणसाच्या अंगाला चिकटताना बघायचं असेल तर याहून चांगली जागा नाही.

खडूस_काका

सगळं छान, पण धागाकर्त्याच्या मूळ दाव्याला माझा विरोध आहे. 'एकच जागा' आणि 'एकच पुरुष' या दोन वेगळ्या गोष्टी तुम्ही एकत्र कालवताय. त्या जमिनीवर तीन भाडेकरू असतील तर तिघांनाही तेच नाव लागणार. पुढे दोघांचे वंश बुडाले की तुम्ही म्हणणार, बघा, मूळ पुरुष एकच.

आडनावं बुडणं हा नियम आहे. फ्रान्सिस गाल्टन आणि हेन्री वॉटसन यांनी १८७४मध्येच याचं गणित मांडलं होतं. कुणाला मुलगेच होत नाहीत, कुणाला सगळ्या मुली. काही पिढ्यांत बरीचशी आडनावं निव्वळ योगायोगाने संपतात.

जनुककार

काकांशी सहमत. यावर प्रत्यक्ष काम झालेलं आहे. वाय गुणसूत्र आणि आडनाव दोन्ही बापाकडून मुलाकडे जातात, म्हणून तुलना करता येते.

पहिला गाजलेला प्रयोग २०००चा, ब्रायन साइक्स यांचा, स्वतःच्याच आडनावावर. साइक्ससुद्धा वेस्ट रायडिंगचंच. ४८ पुरुषांपैकी २१ जणांचा नमुना एकच निघाला. त्यावरून 'मूळ पुरुष एक' म्हटलं गेलं, पण तपासले होते फक्त चार मार्कर (गुणसूत्रावरच्या तुलनेच्या खुणा). आज चार मार्करवर कुणी पैजही लावणार नाही.

२००९मध्ये लेस्टरच्या तुरी किंग आणि मार्क जॉबलिंग यांनी ४० आडनावांचे १,६७८ नमुने घेतले. निष्कर्ष आपल्या कामाचा : आडनाव जितकं दुर्मिळ तितके त्याचे पुरुष एकमेकांच्या जवळचे. स्मिथमध्ये दोन माणसांचं नातं यदृच्छेपेक्षा जास्त नाही, अटेनबरोसारख्या आडनावात मात्र बहुतेक सगळे एका गटात. पण त्यांनीही बजावलंय की याचं कारण एक मूळ पुरुष असेल किंवा काका म्हणतात तसं बाकीचे वंश बुडालेले असतील. आजच्या नमुन्यांवरून हे दोन वेगळे करता येत नाहीत.

कीबोर्डवाली

आणि ज्यांचा नमुना गटाबाहेर पडतो त्यांचं काय? ते खोटे मर्गट्रॉइड?

जनुककार

छे. दत्तक, आईचं आडनाव लावलेलं मूल, मालमत्तेसाठी नाव बदललेला जावई, विवाहबाह्य मूल, सगळं त्यात येतं. पिढीमागे साधारण १.३ टक्के हा साइक्स यांच्या अभ्यासातला अंदाज. १३७९पासून वीस पिढ्या धरा : ०.९८७चा विसावा घात, म्हणजे ०.७७. बाहेर कुणीही मुद्दाम आलेलं नसताना सुमारे २३ टक्के पुरुष मूळ नमुन्यापासून सुटलेले असणार. त्यामुळे तीन-चतुर्थांश जुळणी हा 'एक पुरुष' या कल्पनेच्या विरोधातला पुरावा ठरत नाही.

नमुने गोळा करताना नेहमीची चूक म्हणजे एकाच कुटुंबातले चुलत भाऊ घेणं. पाच नमुने जुळले असं वाटतं, प्रत्यक्षात एकच नमुना पाच वेळा मोजलेला असतो. कागदावर १७००नंतर कुठेही न मिळणाऱ्या शाखा निवडा, प्रत्येकीतून दोन पुरुष. ३७ मार्करने सुरुवात चालते, शाखांचा क्रम लावायचा तर वाय गुणसूत्राचं खोल वाचन लागतं.

आणि कागद-गुणसूत्र भांडणाचं सुंदर उदाहरण २००७चं : पूर्व यॉर्कशायरमधल्या एका दुर्मिळ आडनावाच्या १८ पुरुषांपैकी ७ जणांत पश्चिम आफ्रिकेतला एक अतिदुर्मिळ वाय गट सापडला. कागदावर त्यांच्या दोन शाखा अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत जातात आणि तिथे थांबतात. त्या कुठे मिळतात ते कागद सांगत नाही, पण मिळतात हे गुणसूत्र सांगतं.

खडूस_काका

बघा, आमचं कधी नव्हे ते शास्त्राशी जुळलं.

कीबोर्डवाली

शोधयंत्रांबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. बऱ्याच साइट 'साउंडेक्स' वापरतात : पहिलं अक्षर आणि पुढच्या व्यंजनांचे तीन आकडे. मर्गट्रॉइडचा संकेत एम६२३. मर्जेट्रोड, मार्गेट्रॉइड, सगळी रूपं त्याच संकेतात येतात, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण उतरवणाऱ्याने पहिला 'आर' गाळला की संकेत एम२३६ होतो. 'आर'चा 'एस' वाचला तरी तेच, कारण 'एस' आणि 'जी' दोघांचा आकडा २, शेजारी आले की एकच धरतात. आणि मोठ्या 'एम'चा 'एच' वाचला तर एच६२३ होऊन नोंद दुसऱ्याच कप्प्यात जाते. तीनही संकेत वेगवेगळे शोधा. जिथे सुरुवातीला तारांकन चालतं तिथे मधली जी-ए-टी-आर ही चार अक्षरं ठेवून दोन्हीकडे तारांकन द्या.

फ्रीबीएमडी (जन्म-लग्न-मृत्यू नोंदींची मोफत ऑनलाइन सूची) वापरणाऱ्यांसाठी : नागरी नोंदणी १ जुलै १८३७पासून. तिमाही ही नोंदणीची, जन्माची नाही. जन्म नोंदवायला ४२ दिवस मिळायचे, म्हणून नोव्हेंबरचं बाळ पुढच्या वर्षीच्या मार्च तिमाहीत सापडतं. आणि १८७५पर्यंत नोंदवलं नाही म्हणून पालकांना दंड नव्हता, गिरणगावांतली काही मुलं यादीत नाहीतच.

खडकीकर

थोडं आपल्याकडचं. पुण्या-मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत असं आडनाव दिसलं तर काय करायचं? पलटणीच्या नावावरून गाव धरता येतं का? ३३वी पलटण हॅलिफॅक्सशी जोडलेली, आणि मुंबई इलाख्यातून निघालेल्या १८६७-६८च्या ॲबिसिनियाच्या मोहिमेत ती होती.

दप्तरी

पलटणीवरून गाव धरू नका. भरती जिथे पलटण असेल तिथे व्हायची, आणि पलटणींना कौंट्यांशी पक्कं बांधलं गेलं ते १८८१च्या सुधारणांत. शिपायाचं गाव हवं तर ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली डब्ल्यूओ ९७ ही निवृत्तीच्या कागदांची मालिका बघा. त्यात जन्माची पॅरिश, वय, उंची, मूळ धंदा असतो. 'विणकर' किंवा 'लोकर विंचरणारा' दिसला तर वेस्ट रायडिंगचा संशय घ्यायला जागा आहे. मात्र नोकरीत असतानाच इथे वारलेल्यांचे कागद त्यात बहुधा मिळत नाहीत.

मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मे, लग्नं, दफनं ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दप्तरात एन/३ मालिकेत आहेत. एन/१ बंगाल, एन/२ मद्रास. नकाशाच्या दृष्टीने या नोंदी वेगळ्या ठेवा, त्या वंशाच्या शाखा आहेत, मुळाचा पुरावा नाहीत.

नकाशेवाला

मग राहिला माझा एक प्रश्न. ४०० वर्षं ही माणसं तिथून हलली का नाहीत? नापीक डोंगर, ओट्सशिवाय फार काही पिकत नाही.

अनुराधा_लीड्स

नापीक होता म्हणूनच. नुसत्या शेतीवर पोट भरत नव्हतं, म्हणून घरोघरी माग आला. चार-पाच एकर, एक-दोन गाई, वरच्या मजल्यावर माग, कर्सी नावाचं जाडंभरडं कापड, आणि ते हॅलिफॅक्सच्या बाजारात. कापडाच्या जोरावर जमिनीचा छोटा तुकडाही कुटुंब पोसायचा, म्हणून धाकट्या मुलांना गाव सोडावं लागलं नाही. १५५५चा हॅलिफॅक्स कायदा वाचा : या भागातल्या गरीब विणकरांना थोडी थोडी लोकर विकणाऱ्या दलालांना त्यात मुद्दाम सूट आहे. सुपीक दक्षिणेत मोठ्या जमीनदारीखाली मजूर वरचेवर गाव बदलायचे, तिथली दुर्मिळ आडनावं विखुरली. इथे एकाच दरीत दाटली.

कीथलीचा पुंजका मात्र मला वेगळा वाटतो. जेम्स मर्गट्रॉइड या वॉर्लीच्या कापड व्यापाऱ्याने १६३०च्या दशकात कीथलीजवळचं ईस्ट रिडल्सडेन घेतलं आणि १६४०च्या दशकात तिथलं घर नव्याने बांधलं. ते आज नॅशनल ट्रस्टकडे आहे.

खोडरबर

म्हणजे नकाशातला दुसरा गडद ठिपका एका श्रीमंत माणसाच्या खरेदीमुळे? की पुतणे-भाचे आधीच तिकडे होते?

वंशावळकार

हे तपासता येतं. लोकांचं काय होतं की १८८१वरून एकदम १३७९वर उडी मारतात आणि मधली ५०० वर्षं कल्पनेने भरतात. मधला टप्पा म्हणजे चूलपट्टी. चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग, दोन हप्त्यांत. वेस्ट रायडिंगची २५ मार्च १६७२ची यादी छापील मिळते. टाउनशिपवार मर्गट्रॉइड घरं मोजा, चुलींचा आकडाही शेजारी लिहा. एक-दोन चुलींची पुष्कळ घरं कीथलीच्या आसपास दिसली तर ती जेम्सच्या महालाची माणसं म्हणून सहज खपत नाहीत. आठ-दहा चुलींचं एकच घर दिसलं तर गोष्ट वेगळी.

त्याच्याही आधीचं हवं तर पॅरिश नोंदवह्या. हॅलिफॅक्सच्या १५३८पासून आहेत, आणि बऱ्याच नोंदींत नावापुढे टाउनशिप दिलेली असते, तो रकाना अजिबात गाळू नका. १६५३ ते १६६०मधली विस्कळीत नोंद खूपदा 'वंश तुटला' म्हणून वाचली जाते, तशी वाचू नका. पुढे कापडवाल्यांत डिसेंटर (चर्च ऑफ इंग्लंडबाहेरचे ख्रिस्ती) बरेच, त्यांचे बाप्तिस्मे चॅपलच्या वेगळ्या वह्यांत. १७५४पासून १८३७पर्यंत लग्नं मात्र, क्वेकर आणि ज्यू सोडून, सगळ्यांना चर्च ऑफ इंग्लंडमध्येच लावावी लागत. त्या काळात कुटुंब बाप्तिस्म्यावरून हरवलं तर लग्नावरून धरावं.

नकाशेवाला

आणि नातं? जेम्सचे पुतणे कोण हे चूलपट्टी सांगणार नाही.

दप्तरी

ते मृत्युपत्रं सांगतील. दोन्ही भागांची साधी मृत्युपत्रं यॉर्कच्या चर्च न्यायालयात गेली, आज बॉर्थविक इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. पण हॅलिफॅक्स पाँटिफ्रॅक्ट डीनरीत (चर्चच्या विभागात) येतं आणि कीथली क्रेव्हनमध्ये. एकाच डीनरीची सूची बघितली की अर्धं घराणं दिसतच नाही. १६३० ते १६८० या काळात दोन्हींत शोधा. १६५३ ते १६६०ची मात्र यॉर्कमध्ये मिळणार नाहीत, त्या वर्षांत सगळं लंडनला जात होतं, तेव्हा कँटरबरीच्या प्रेरॉगेटिव्ह कोर्टाच्या नोंदी उघडा.

तिरकस

वाखु (वाचनखूण) साठवली. आता कुणीतरी शफलबॉटम या आडनावावर धागा काढा.

अनुराधा_लीड्स

काढते. त्याचं मूळ लँकशायरमधल्या बरी गावाजवळचं शिपरबॉटम, मेंढ्यांच्या झऱ्याची दरी. 'बॉटम' म्हणजे दरीचा तळ. हसून घ्यायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, त्या धाग्यावर नको.